जाकार्ताची भिंत आणि जाकार्ताचे नळ

इंडोनेशियातील जाकार्ता शहराच्या उत्तर टोकास, जेथे जमीन संपून जावा समुद्र सुरू होतो, तेथे मुआरा बारू नावाची एक वस्ती आहे. वस्ती आणि समुद्र यांच्यामध्ये काँक्रीटची एक भिंत उभी आहे. भिंतीच्या अलीकडे माणसे राहतात, पलीकडे पाणी. आणि भरतीच्या वेळी पलीकडील पाण्याची पातळी अलीकडील रस्त्याहून उंच असते. भिंतीच्या बाहेर, समुद्राच्या पाण्यात, वाल अधुना नावाची एक मशीद उभी आहे. एके काळी लोक तेथे पायी चालत नमाजास जात असत. आज तिच्यात भरतीचे पाणी ये-जा करते आणि प्रार्थना केव्हाच बंद पडली आहे.

याच वस्तीच्या बोळांतून आणखी एक दृश्य पाहावयास मिळते. एक मनुष्य हातगाडी ढकलीत येतो. गाडीवर पाण्याने भरलेले डबे ओळीने मांडलेले असतात. घराघरांतून बायका पैसे घेऊन बाहेर येतात आणि दिवसाचे पाणी विकत घेतात. समुद्र उशाशी, नद्या दाराशी, वर्षातील कित्येक महिने पाऊस डोक्यावर. आणि पिण्याचे पाणी मात्र हातगाडीवर! ती मशीद आणि ही हातगाडी यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटणार नाही. परंतु तो आहे. तो कोणता, आणि साहाय्यास धावून आलेल्या जाणत्या देशांचाही भर त्याच्या दोन टोकांपैकी एकाच टोकावर कसा पडला, हेच आज मला, श्रोतेहो, आपणांस सांगावयाचे आहे.

थोडा पूर्वेतिहास सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. १६१९ साली यान पीटर्सझून कून या डच अधिकाऱ्याने जयकार्ता हे बंदर जाळून त्या जागी बटाव्हिया वसविले. मायदेशाची आठवण म्हणा, की सवय म्हणा, त्याने व त्याच्या मागून आलेल्यांनी तेथे कालवे खणले. हॉलंडमध्ये जे शोभले ते विषुववृत्ताजवळच्या दलदलीत शोभले नाही. कालवे गाळाने भरले, हिवतापाने माणसे पटापट मेली, आणि अखेरीस सुखवस्तू मंडळी जुने शहर टाकून दक्षिणेकडील उंच जागी राहावयास गेली. परदेशी जलशास्त्राचा या शहराशी आलेला हा पहिला संबंध. तो विसरून चालणार नाही, कारण पुढे तेच डच पाहुणे म्हणून परत येणार आहेत.

शहरातून तेरा नद्या वाहतात असे म्हणण्याचा प्रघात आहे. त्यांतील मुख्य चिलिवुंग. ती दक्षिणेकडील डोंगरात उगम पावते आणि बोगोरवरून खाली येते. बोगोर येथे कातुलाम्पाचा बंधारा आहे. तेथे पाण्याची उंची मोजतात आणि ती वाढू लागली की खालच्या शहरास वर्दी देतात. पाणी जाकार्तात पोहोचण्यास काही तास लागतात, तेवढ्या अवधीत नदीकाठचे लोक चीजवस्तू माळ्यावर चढवितात. असा पूर आला की जाकार्ताचे लोक त्यास ‘बांजिर किरिमान’ म्हणतात, म्हणजे वरच्याने पाठवून दिलेला पूर. आपल्याकडेही धरणाचे दरवाजे उघडले की खालच्या गावचे लोक हेच म्हणतात. फक्त आपण त्यास असे नेटके नाव दिलेले नाही.

या पाठविलेल्या पुरावर पहिला मोठा विचार केला तो हेर्मान फान ब्रेन या डच अभियंत्याने, १९१८ च्या पुराच्या सुमारास. त्याची कल्पना सरळ होती: पाणी शहरात शिरण्यापूर्वीच मांगाराई येथे अडवावे आणि पश्चिमेकडून वळसा घालून समुद्रात सोडावे. त्या कल्पनेतून पश्चिम पूरकालवा निघाला. पूर्वेकडचा जोडकालवा मात्र तयार होण्यास २०१० च्या आसपासचा काळ उजाडला! मधल्या नव्वद वर्षांत डचांचे राज्य गेले, युद्ध होऊन गेले, प्रजासत्ताक आले, आणि काही लाखांचे शहर एक कोटीच्या घरात गेले. नदीकाठ, तळी, दलदली, जे जे पाण्याच्या विसाव्याचे ठिकाण होते ते ते घरांनी व्यापले. फेब्रुवारी २००७ मध्ये शहराचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याखाली गेला. १ जानेवारी २०२० रोजी हालिम विमानतळावर एका दिवसात ३७७ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि जाकार्ता व भोवतालच्या परिसरात साठांहून अधिक माणसे दगावली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झेललेला मुंबईकर या आकड्याने कदाचित दचकणार नाही. परंतु ज्या शहराचा तळ समुद्राहून खाली गेला आहे, त्यास एवढा पाऊसही फार होतो.

तळ खाली गेला, हे मी सहज बोलून गेलो. पण खरी गोष्ट तीच आहे. २००७ सालच्या फेब्रुवारीतील पुराची चर्चा जगभर झाली. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला जे घडले त्याची तितकी झाली नाही. त्या दिवशी पाणी आले ते नदीतून नव्हे, समुद्रातून. भरती मोठी होती, एवढेच. समुद्र बांधावरून आत आला आणि विमानतळाकडे जाणारा मोठा रस्ता बंद पडला. जावा बेटात अशा भरतीच्या पुरास ‘रोब’ म्हणतात. या रोबने अभियंत्यांना जागे केले. समुद्र तर वर्षास फार तर काही मिलिमीटरच चढत होता. मग बांध एकाएकी ठेंगणा कसा झाला? मोजमापे तपासली तेव्हा उत्तर दिसले: बांध आणि बांधामागची जमीन, दोन्ही खाली जात होती. उत्तर जाकार्तात काही ठिकाणी वर्षास दहा, पंधरा, क्वचित वीस सेंटिमीटरही. १९७४ ते २०१० या काळात मुआरा बारूची जमीन सुमारे चार मीटर खचली. चार मीटर म्हणजे एक मजला.

हे का व्हावे? जाकार्ताच्या पोटात वाळूचे आणि चिकणमातीचे थर एकावर एक आहेत. वाळूत पाणी साठलेले असते व त्याच्या दाबावर मातीचे थर तोललेले असतात. खोल विंधणविहिरींतून पाणी उपसले की दाब कमी होतो, चिकणमातीतील पाणीही पाझरून निघते, आणि वरच्या भाराखाली ती दबते. गादीतला कापूस बसला तर पिंजारी बोलावून तो पुन्हा फुलवून घेता येतो. जमिनीखालील मातीस पिंजणारा पिंजारी मात्र अद्याप जन्मास यावयाचा आहे. खाली गेलेली जमीन पुनः वर येत नाही म्हटले तरी चालेल. उंच इमारतींचा भार आणि गाळाच्या जमिनीचे स्वाभाविक बसणे, हीही कारणे आहेत, आणि कोणत्या कारणाचा वाटा किती, याविषयी शास्त्रज्ञांत वाद आहे. परंतु ज्या कारणास माणसाला हात घालता येतो ते उपशाचे आहे, यावर फारसा वाद नाही.

आता प्रश्न असा की, शहर जमिनीखालचे पाणी उपसते का? उत्तर एका शब्दात देता येते: नळ. घरात नळ नाही, किंवा आहे तर त्यास भरवशाचे पाणी नाही. शहराच्या नळांस येणारे बहुतेक पाणी चितारुम नदीवरील जातिलुहुर धरणाचे. फ्रेंच अभियंत्यांच्या आराखड्यावरून बांधलेले हे धरण १९६७ साली पुरे झाले. तेथून पाणी उघड्या कालव्याने कित्येक किलोमीटर येते आणि वाटेत घाण होते. शहरातील तेरा नद्या जवळ आहेत, पण त्यांचे पाणी शुद्ध करण्याच्याही पलीकडे गेलेले. कारण मैलापाणी वाहून नेणारी नळवाहिनी शंभरातील फारच थोड्या घरांना मिळालेली, उरलेल्यांचे सांडपाणी जमिनीत किंवा नदीत. १९९८ पासून पाणीपुरवठा पंचवीस वर्षांच्या कराराने दोन भागांत वाटून दिला गेला: चिलिवुंगच्या एका तीरास एक फ्रेंच कंपनी, दुसऱ्या तीरास एक इंग्रज कंपनी, आणि त्यांचे स्थानिक भागीदार. पुढे मालकी बदलत गेली. जानेवारी २०२३ अखेर करार संपले तेव्हाही शहरातील सुमारे एक तृतीयांश लोकांस नळ पोहोचला नव्हता. ज्यांच्याजवळ पैसा होता त्या हॉटेलांनी, कचेऱ्यांनी, कारखान्यांनी खोल विहिरी घेतल्या. ज्यांच्याजवळ नव्हता ते हातगाडीची वाट पाहत राहिले.

मशीद का बुडाली, याचा धागा असा हातगाडीपर्यंत येतो. मैला नदीत गेला म्हणून नदी पिता येत नाही; नदी पिता येत नाही म्हणून जमीन पितात; जमीन प्याल्याने ती खचते; खचली म्हणून पूर ओसरत नाही आणि समुद्र आत येतो. आजकाल ‘एकात्मिक जलव्यवस्थापन’ असा एक भारदस्त शब्द परिषदांतून ऐकू येतो. त्या शब्दाचा सारा अर्थ एवढाच, की ही साखळी एका नजरेने पाहावी. बोलावयास सोपे आहे. प्रत्यक्षात पूर एका खात्याकडे, पिण्याचे पाणी दुसऱ्याकडे, मैला तिसऱ्याकडे, समुद्रकिनारा चौथ्याकडे; आणि बाहेरून साहाय्य येते तेही कोणत्या तरी एका खात्याच्या दारातून आत येते.

२००७ च्या रोबनंतर साहाय्यास प्रथम आले ते डच. जुन्या राज्यकर्त्यांनी सल्लागार म्हणून यावे यात काही श्रोत्यांस उपरोध दिसेल. मला त्याहून अधिक दिसते ते हे, की इंडोनेशियाने तो मनात न धरता त्यांना बोलावले. १९५३ साली समुद्र आत शिरून हॉलंडमध्ये १८०० हून अधिक माणसे मेली, आणि त्यानंतर त्या राष्ट्राने बांधांची जी विद्या कमावली तिला जगात तोड नाही. २०१४ साली त्यांच्या साहाय्याने एक आराखडा जाहीर झाला. जाकार्ताच्या उपसागरातच एक प्रचंड भिंत घालावी, आतील पाण्याचे तळे करावे, नद्यांचे पाणी त्यात घेऊन पंपांनी समुद्रात टाकावे. आणि खर्च निघावा म्हणून भिंतीशेजारी भराव घालून नवे शहर उभारावे, ज्याचा आकार आकाशातून गरुडासारखा दिसेल. गरुड हे इंडोनेशियाचे राष्ट्रचिन्ह. चित्र मोठे देखणे होते. पुढे दक्षिण कोरियाही या कामात सामील झाला.

पण तेरा घाण नद्या ज्या तळ्यात सोडावयाच्या ते तळे कशाचे होईल, हा प्रश्न कोणा शाळकरी मुलाने विचारला असता तरी तो योग्यच ठरला असता. उपसागरात मासेमारी करणाऱ्या हजारो कुटुंबांनी तो विचारलाच. आणि गंमत अशी, की याचे उत्तर दोन्ही पाहुण्यांच्या स्वतःच्या घरी लिहिलेले होते. हॉलंडमध्ये ओस्टरस्खेल्डे ही खाडी पूर्ण बंद करण्याचा बेत होता. कालवे-शिंपल्यांची शेती करणारे कोळी आणि निसर्गप्रेमी यांनी १९७० च्या दशकात त्यास विरोध केला, आणि सरकारने बेत बदलून, एरवी उघडे राहतील व केवळ वादळात मिटतील असे दरवाजे बसविले. १९८६ साली ते काम पुरे झाले. खर्च वाढला, पण खाडी जगली. कोरियाने सेमांगुम येथे सुमारे ३४ किलोमीटर लांबीची भिंत २०१० साली पुरी केली. आतील पाणी बिघडत गेले आणि दरवाजे अधिक वेळा उघडून समुद्राचे पाणी खेळते ठेवण्याची पाळी आली. हे अनुभव जाकार्तात कोणी लपवून ठेवले, असे मी म्हणत नाही. उपसा थांबविल्याशिवाय भिंतीचा उपयोग टिकणार नाही, हेही डच तज्ज्ञांनी वारंवार सांगितले. परंतु भिंतीचे चित्र काढता येते, तिची कोनशिला बसविता येते, कंत्राट देता येते. बंद केलेल्या विहिरीचे उद्घाटन कोण करणार? कालांतराने आराखडे बदलले आणि गरुड उडून गेला. भिंतीची कल्पना मात्र राहिली. २०२५ साली तर साऱ्या उत्तर जावाच्या किनाऱ्यास भिंत घालण्यासाठी एक स्वतंत्र शासकीय मंडळ नेमले गेले.

दुसरे साहाय्य जपानचे. त्यात चित्र नव्हते, म्हणून त्याची वार्ताही झाली नाही. २०१८ च्या सुमारास जपानी तज्ज्ञ जाकार्तात आले ते जमीन कोठे किती खचते आणि विहिरींची पातळी कशी हलते, हे मोजण्याची व्यवस्था नीट लावण्यास, आणि स्वतःच्या देशाची एक जुनी हकीकत सांगण्यास. ती हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे.

ओसाका आणि तोक्यो ही दोन्ही शहरे विसाव्या शतकाच्या आरंभापासून खचत होती. का, ते कोणास कळेना. भूकंपाचा परिणाम असेल, भराव बसत असेल, असे तर्क चालले होते. १९३९ च्या सुमारास कियो वादाती या भूकंपशास्त्रज्ञाने ओसाकातील विहिरींच्या पातळीची आणि जमिनीच्या खचण्याची तुलना केली व दोष उपशाचा आहे असे प्रतिपादिले. कारखानदारांना ते मानवण्यासारखे नव्हते. मग युद्ध आले. १९४५ साली बॉम्बवर्षावाने कारखाने जळाले, पंप बंद पडले, आणि जमिनीचे खचणे थांबले! शास्त्रज्ञाने कितीही मागितला असता तरी कोणी असा प्रयोग करू दिला नसता. युद्धाने तो करून दाखविला. १९५० च्या दशकात कारखाने पुन्हा धडधडू लागले आणि जमीन पुन्हा खचू लागली. पुरावा याहून चोख तो काय असावा? तरीही कायदा येण्यास १९५६ साल उजाडले, आणि इमारतींच्या विहिरींसाठी दुसरा कायदा १९६२ साली करावा लागला.

पण नुसती मनाई करून भागले नाही, हा त्या हकीकतीचा गाभा आहे. कारखान्यास पाणी लागतेच. म्हणून तोक्योने कारखान्यांसाठी वेगळी नळयोजना काढली, आणि पूर्व भागातील त्या योजनेस मैलाशुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी पुनः स्वच्छ करून पुरविले. म्हणजे मैल्याचे खाते, कारखान्याचे खाते आणि पुराचे खाते यांची गाठ एका नळात पडली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तोक्योच्या त्या भागातील खचणे जवळजवळ थांबले. बँकॉकने १९७७ साली भूजलाचा कायदा केला, पुढे उपशावर भारी शुल्क बसविले आणि नळ वाढविले. तेथेही वेग पुष्कळ मंदावला.

जाकार्ताने यातून काही घेतले की नाही? घेतले, पण उशिरा. काही ठरावीक विभागांत व मुख्य रस्त्यांवर मोठ्या आणि उंच इमारतींना १ ऑगस्ट २०२३ पासून भूजल उपसण्यास बंदी झाली. करार संपल्यावर पाणीपुरवठा शहराच्या स्वतःच्या कंपनीकडे परत आला असून २०३० पर्यंत घरोघर नळ देण्याचा संकल्प आहे. बांतेन प्रांतातील कारियान धरणाचे उद्घाटन जानेवारी २०२४ मध्ये झाले. ते दक्षिण कोरियाच्या कर्जावर उभारलेले असून त्याचे पाणी जलवाहिनीने जाकार्ताच्या पश्चिम भागाकडे न्यावयाचे आहे. कोरियाचे उपसागरातील भिंतीविषयीचे सल्ले जगास ठाऊक आहेत. हे धरण फारसे कोणास ठाऊक नाही. माझ्या मते पूरनिवारणाचे काम या धरणाकडून अधिक होईल, यद्यपि पूरनिवारणाच्या कोणत्याही यादीत त्याचे नाव सापडणार नाही. मैलावाहिन्यांसाठी जपानने दिलेल्या कर्जाविषयीही मी हेच म्हणेन.

एक बाजू मात्र काळी आहे. नद्या रुंद करण्यासाठी काठावरच्या वस्त्या हटविल्या गेल्या. २०१५ साली चिलिवुंगच्या काठचे कांपुंग पुलो, पुढील वर्षी जुन्या बंदराजवळचे कांपुंग आक्वारियुम. पुराचा दोष ज्यांच्या माथी मारला गेला ती माणसे खोल विहिरी खणणारी नव्हती. आक्वारियुमच्या लोकांनी जागा सोडली नाही, नेट धरला, आणि २०२१ साली त्याच ठिकाणी त्यांना नवी घरे मिळाली.

राजधानीच हलवावी, हा उपायही निघाला. २०१९ साली बोर्निओ बेटावरील नव्या राजधानीची घोषणा झाली, २०२२ साली तसा कायदा झाला. सरकारी कचेऱ्या गेल्या तरी कोटीभर माणसे जेथे आहेत तेथेच राहतील, हे सांगावयास नको.

मुंबईच्या श्रोत्यांस मनात एक प्रश्न आला असेल, म्हणून दोन शब्द. मुंबईनेही समुद्र हटवून जमीन केली, तीही पावसाळ्यात तुंबते. परंतु १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने आले, मागून तानसा, वैतरणा, भातसा आले, आणि टँकरवाल्यांच्या विहिरी सोडल्या तर हे शहर आपल्या पायाखालचे पाणी फारसे पीत नाही. शिवाय त्याच्या खाली बव्हंशी खडक आहे. शंभर किलोमीटरवरून नळाने येणारे ते पाणी आपण केवळ तहानेच्या हिशेबात धरीत आलो आहो.

तोक्योच्या पूर्व भागात, जेथे जमीन चार मीटरांहून अधिक खचली होती, तेथे आज ती स्थिर आहे. पण ती समुद्राहून खालीच आहे. त्या भागाभोवती बांध आहेत, दरवाजे आहेत, आणि पावसाचे पाणी रात्रंदिवस पंपांनी बाहेर टाकावे लागते. विहिरींची पातळी तेथे अजूनही मोजतात आणि दर वर्षी ते आकडे छापून प्रसिद्ध करतात. मुआरा बारूतही भिंत राहणारच आहे. ती आणखी किती वेळा उंच करावी लागेल, हे भिंतीच्या मागच्या बोळांत नळ केव्हा येतो यावर ठरावयाचे आहे.